मागं न पाहणारा गुरव

"मागं पाहू नोका, मास्तर." देवळातून निघणाऱ्या प्रत्येकाला आमचे गुरवबुवा हेच सांगत. स्वतः तर ते बाजारातही मागे पाहत नसत. पाठीमागून कोणी हाक मारली, की मान न वळवता बैलगाडीसारखा मोठा वळसा घेऊन समोर येत आणि विचारत, "काय मनता?" त्यांची बायको हसून सांगे, "याइच्याशी बोलाचं त मलेच गोल फिरून पुढं या लागते."

आमचा मुलूख तेव्हा मध्य प्रदेशात होता आणि मी मंगरूळपीरजवळच्या त्या खेड्यात शाळामास्तर. शाळा देवीच्या सभामंडपातच भरे, त्यामुळे पोरांना पाढ्यांआधी देवीची कथा पाठ. माहूरची माय एका भक्ताच्या पाठोपाठ निघाली. मागे पाहिलंस तर तिथंच थांबेन, म्हणाली. आमच्या टेकडीवर पैंजण वाजेनासे झाले, त्याला राहवलं नाही, त्याने वळून पाहिलं. माय तिथेच शिळा झाली.

म्हणून दसऱ्याला घट शिरवायला, म्हणजे पाण्यात सोडायला, गुरव नदीवर जाई तेव्हा मागे पाहायचं नाही, असा नेम होता. घट त्याच्या डोक्यावर, मागून नैवेद्याचं ताट घेऊन फक्त त्याची बायको. बाकी गाव देवळात थांबे. वाटेत माय ओळखीच्या आवाजात हाक मारून पारख करते, असं म्हणत.

एका दसऱ्याला देवळातून निघतानाच बुवा सगळ्यांदेखत ठेचकाळले आणि मान जराशी वळली. पुढच्या पावसाळ्यात पावसाने दडी मारली, तेव्हा गावाने त्यांच्याकडे बोट दाखवलं. मीही थट्टेत म्हणालो, "काय बुवा, पाऊस तुम्हीच अडवला म्हणे." ते हसले नाहीत. माझी जीभ त्या वयात फार सैल होती, त्याची लाज मला अजून वाटते.

त्या कोरड्या सालच्या दसऱ्याला ते नदीवरून फार उशिरा परतले. दोन्ही हातांवर बायको होती. ज्वारीच्या शेताच्या धुऱ्यावर तिला पान लागलं होतं. घोट्याजवळ सापाच्या दातांचे दोन टिपके, बाकी अंग निळं.

महिन्याभराने मी विचारलं, "हाक ऐकू आली नाही का?"

"आली ना. तीनदा आली. अवो, वळा ना, मने. मले वाटलं, माय पारख करून राह्यली. घट शिरवला, आंघोळ केली, वापस आलो. तिनं ताट सांडू नाई देल्लं, मास्तर. मांडीवर धरून बसली होती."

पुढच्या वर्षी पाऊस भरपूर झाला. बुवा पारखेला उतरले, असं म्हणत लोक त्यांच्या पाया पडू लागले. याहून वाईट शिक्षा मला तरी सुचली नसती.

माझी बदली झाली तेव्हा ते गाडीपाशी आले. "मास्तर, त्या भक्तानं मागं पाह्यलं, मनून माय आपल्याजवळ राह्यली. लोकं उगाच त्याले नावं ठेवतात."

गाडी निघाल्यावर मी वळून पाहिलं. बुवा नदीच्या वाटेने चालले होते. चार पावलं टाकत, थांबत आणि मान वळवून मागे पाहत. मागे कोणीच नव्हतं.