खणखणीत जीप

…तर काल चहा आला आणि गोष्ट अर्धी टाकून आपण उठलो, तेव्हा दिवाकर जीपखालीच होता. दोन पाय तेवढे बाहेर. एका पायात स्लिपर, दुसरी कुठं गेली ते देवाला ठाऊक. आणि आतून टक्, टक्, टक् हातोडी चाललेली.

काल जे नव्हते त्यांनी एवढं ऐकून घ्या. दिवाकर म्हणजे दिवाकर वैरागडे, रायपूरच्या खमतराईतला. बाप भंडाऱ्याकडून रेल्वेच्या नोकरीपायी इकडे आला, आणि दिवाकरही मोठा होऊन रेल्वेच्याच यार्डात चिकटला. काम काय? मालगाडी उभी राहिली की तिच्या कडेकडेनं चालायचं आणि लांब दांड्याच्या हातोडीनं एकेक चाक ठोकत जायचं. चांगलं चाक खण्ण बोलतं, चिरलेलं भद्द बोलतं. चीर पोटात असली की डोळ्याला दिसत नाही, तिथं कानच पाहतो.

आणि कान कसा होता म्हणता! नव्या नोकरीतली गोष्ट. तांदळाची भरलेली गाडी सुटायला उभी, गार्डानं झेंडी काढलेली, आणि हा एका चाकापाशी अडून बसला. साहेब आले, मुकादम आला, सगळ्यांनी ठोकून पाहिलं. चाक चांगलं आहे म्हणाले. हा म्हणाला, “आजारी आहे. मी सोडत नाही.” साहेब चिडले, पण तो डबा गाडीतून कापून बाजूला काढावा लागला. चाक कारखान्यात गेलं, तेव्हा आत केसाएवढी चीर निघाली. तेव्हापासून यार्डात त्याचं नावच पडलं, कानवाले बाबू. चहावाला त्याला पैसे मागेना.

असा माणूस रिटायर झाला. यार्डात मशिनी आल्या, कानाची कोणाला गरज उरली नाही. घरी बसून तो दाराच्या बिजागरीला तेल देई, पंखा उतरवून परत चढवी. कोणी काही विचारत नव्हतं. चार वर्षं अशीच गेली.

मग पोरीची बदली झाली. कौमुदी त्याची एकुलती एक, अठ्ठावीस वर्षांची, सरकारी नर्स. गरियाबंदच्या पलीकडे, जंगलातलं उपकेंद्र मिळालं. डांबर संपल्यावर चौदा किलोमीटर कच्चा रस्ता, त्यात दोन नाले. स्कूटी पहिल्याच नाल्यात बसली. मग पोरगी कधी ट्रॅक्टरवर बसून जाई, कधी पायी. एकदा एका बाळंतिणीकडे निघाली आणि पोचायला उशीर झाला. मूल वाचलं, बाई गेली. त्या आठवड्यात कौमुदी घरी आली ती दोन दिवस जेवली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, “बाबा, चारही चाकं ओढणारी गाडी असती, तर मी टाइम पे पहुँच जाती.”

दिवाकरला तेवढंच पुरे. चार वर्षांनी कोणी काही मागितलं होतं.

अभनपुरात एका ठेकेदाराकडे जुनी जीप उभी होती, खालून-वरून ताजा काळा रंग मारलेली. दिवाकर आपली जुनी हातोडी घेऊन गेला. चाकं ठोकली, चाकांवरच्या स्प्रिंगच्या कमानी ठोकल्या, सगळा भार वाहणारी ती चेसिस एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ठोकली. उठून म्हणाला, “खणखणीत आहे.” ठेकेदारानं हात जोडले. “बाबूजी को मानना पड़ेगा.” मानणारच की!

आता जुनी गाडी म्हणजे कसं असतं, एक भोक बुजवावं तर शेजारचं उघडं पडतं. ब्रेक सुधारले, तर रेडिएटर गळायला लागला. रेडिएटर झाळून आणला, तर सेल्फ मेला. पुढच्या चाकांना ताकद देणारा जो दुसरा दांडा असतो, तो असा जाम की जणू सिमेंटात पुरलेला. दिवाकरनं त्यावर आठ दिवस डिझेल शिंपडलं, रोज सकाळी देवाला पाणी घालावं तसं. नवव्या दिवशी दांडा हलला, तेव्हा म्हातारा गल्लीत नाचायचा तेवढा बाकी राहिला. मंदाकिनी, त्याची बायको, जेवणाचं ताट जीपपाशीच आणून ठेवी. आणून ठेवी, आणि मग वाकून, त्याच्या तोंडासमोर तोंड आणून म्हणे, “जेवून घ्या.” ती नेहमी तशीच बोलायची, समोर येऊन. टीव्हीही त्या घरी मोठ्या आवाजात लागायचा. कोणी हटकलं तर मंदाकिनी म्हणायची, “मलेच कमी ऐकू येते.” आणि दिवाकरची उलटी तक्रार, की आजकालचे लोक पुटपुटतात.

इंजिन पहिल्यांदा सुरू झालं तो सोमवार. सायलेन्सरला भोक, आतून कसली तरी खडखड, खिडक्यांच्या काचा थरथरल्या. समोरचे श्यामराव अर्ध्या दाढीचा साबण घेऊन बाहेर आले. “दिवाकरभाऊ, जीप आणली का धानाची गिरणी?”

दिवाकरनं हसून मान डोलावली. “पाहा, लोण्यावानी चालून राहिली!”

गल्ली खो खो हसली. कौमुदी सुट्टीवर आली होती, तीही हसली. तिला वाटलं, बाबा गंमत करताहेत. मंदाकिनी तेवढी आत निघून गेली.

पुढचा सोमवार ठरला. कौमुदीनं ड्युटीवर हजर व्हायचं, आणि जीप घेऊनच व्हायचं. शनिवारी बाप-लेक भनपुरीला गेले, कमानीचा एक बोल्ट तेवढा झाळून घ्यायला. तिथं खेमलाल साहूचं गॅरेज, ट्रकांचं काम करणारा शहाणा माणूस. तो जीपखाली शिरला. बोल्ट पाहिला, मग जाता जाता पान्यानं चेसिसची डावी बाजू ठोकली. हात थांबला. परत ठोकली. बाहेर येऊन तो दिवाकरशी नाही, कौमुदीशी बोलला.

“दीदी, ये गाड़ी जंगल में मत ले जाना. बायाँ चेसिस अंदर से टूटा है. झाल मारके घिस दिया, ऊपर रंग पोत दिया. पत्थर पे चढ़ेगी तो बीच से बैठ जाएगी.”

दिवाकरनं त्याच्या ओठांवरून निम्मं ओळखलं. हातोडी काढली, खाली वाकला आणि डाव्या बाजूला ठोकली. “खण्ण! ऐकलं?”

खेमलालचे दोन मिस्त्री एकमेकांकडे पाहत राहिले. जे वाजलं होतं ते भद्द होतं. ओल्या पोत्यावर काठी मारावी तसं.

“बाबूजी,” खेमलाल हळू म्हणाला, “आप बुजुर्ग हो…”

“बुजुर्ग आहो म्हणूनच सांगून राहिलो. पस्तीस वर्षं हेच केलं. मले आवाज शिकवतं का तू?” आणि पोरीला म्हणाला, “चल व. याले काम पाहिजे, म्हणून चांगली गाडी आजारी पाडून राहिला.”

परतताना जीप कौमुदी चालवत होती. खमतराई येईपर्यंत ती एकेक खड्डा चुकवत गेली. बापाचा राग चढलेलाच होता, त्यानं ते पाहिलंही नाही.

रविवार उजाडला. दिवाकरनं जीपमध्ये स्टेपनी बांधली, दोरखंड ठेवला, पहार ठेवली, नाल्यात चाक फसलं तर टाकायला दोन फळ्या ठेवल्या. दुपारी गल्ली निजली होती. कौमुदी अंगणात आली, बापाच्या समोर उभी राहिली आणि मोठ्यानं म्हणाली, “बाबा, एक बार मैं ठोकती हूँ. तुम्ही भिंतीकडे तोंड करा. कोणती बाजू चांगली, कोणती खराब, फक्त ऐकून सांगा.”

दिवाकर हसला. “बापाची परीक्षा घेतं का? घे.”

तो भिंतीकडे वळला. साहेबाच्या तपासणीला उभं राहावं तसे हात मागे बांधले. भिंतीचा चुना पोपडा धरून आला होता, दिवाळीला हात मारावा लागेल. एक मुंगी चढत होती, तिच्या तोंडात पांढरं काहीतरी. पोट्टी घाबरली असेल, त्याला वाटलं. खेमलालनं भरवलेली भीती आहे, आता जाईल. त्यानं वाट पाहिली. मुंगी पोपड्याच्या आत शिरली. त्यानं आणखी वाट पाहिली.

“मार ना व, पोट्टे,” तो न वळता म्हणाला. “किती वेळ उभा ठेवतं बापाले?”

मागून काहीच आलं नाही, म्हणून तो वळला. कौमुदी जीपपाशी बसलेली. हातोडी तिच्या हातात, आणि गालावरून पाणी. मंदाकिनी दारात तोंडाला पदर लावून उभी. आणि चेसिसवर, उजव्या बाजूला काळ्या रंगाचे पाच टवके ताजे उडालेले. डाव्या बाजूला पाच.

दिवाकरनं ते टवके बोटानं मोजले. पोरीच्या हातून हातोडी घेतली आणि स्वतः ठोकली. खण्ण! दांडा तळहातात थरारला. डावीकडे ठोकली. तिथंही तळहातात काहीतरी थरारलं, आणि डोक्यात खण्ण वाजलं. मग त्यानं दांडा सैल सोडला, दोन बोटांच्या चिमटीत नुसता लटकता धरला आणि परत ठोकली. काही नाही. उजवीकडे ठोकली. तिथंही काही नाही. पस्तीस वर्षं कान आणि हात जोडीनं कामावर गेले होते. त्यातला कान कधी निघून गेला, हे हातानं त्याला कळूच दिलं नव्हतं.

मंदाकिनी त्याच्या समोर आली. सवयच ती.

“कधीपासून?” त्यानं विचारलं.

“कौमी बारावीत होती, तवापासून.”

“दहा वर्षं?”

“हव.”

“अन् सांगितलं काहून नाही?”

“कसं सांगू, अहो? तुमचं सारं कानावरच तर होतं.”

तो जीपच्या पायरीवर बसला. कौमुदी त्याच्यापुढं उकिडवी बसली, त्याला ओठ दिसतील अशी, आणि त्याचा हात हातात घेतला. “जाऊ द्या बाबा. जीप खेमलालभैया के पास छोड़ देंगे. मी ट्रॅक्टरवर जाईन, अब तक भी तो जाती थी. एवढ्या एका जीपचं मनाले लावून घेऊ नका.”

दिवाकर यार्डाकडे तोंड करून बसला होता. तिकडून मालगाडी चालली असावी, पायाखालची फरशी हलत होती. गाडी पूर्ण जाईपर्यंत तो थांबला. मग म्हणाला,

“जीपचं नाही व, पोट्टे. दहा वर्षं म्हणते तुही माय. मले रिटायर होऊन चार झाले. मधली सहा वर्षं मी रोज चाकं ठोकली, अन् रोज ‘चांगलं आहे, जाऊ दे’ म्हटलं. त्या गाड्या काय ऐकून सोडल्या मी?”