पडद्यावरची आत्या

स्टेनोबाई आमच्या डबिंग स्टुडिओत आल्या, तेव्हा त्यांची कोर्टातली नोकरी जाऊन चार महिने झाले होते. बावीस वर्षं त्यांनी साक्षीदारांचं बोलणं शॉर्टहँडमध्ये टिपून घेतलं होतं. मग कोर्टात यंत्रं आली, साक्षी आपोआप रेकॉर्ड व्हायला लागल्या आणि बाईंच्या हातात एक गुच्छ आणि भिंतीवरचं घड्याळ देऊन त्यांना निरोप दिला गेला. परदेशी सिनेमांचे संवाद आपल्या भाषेत लिहायला माणूस हवा, ही आमची जाहिरात वाचून त्या आल्या. मी तिथला रेकॉर्डिस्ट. पहिल्याच दिवशी मी विचारलं, "आधी काही लिहिलंय का?"

"पुष्कळ लिहिलंय," त्या म्हणाल्या. "त्यातलं माझं एक वाक्य नाही."

पहिली दोन वर्षं त्यांच्या वाट्याला लढायांचे सिनेमे आले. सैनिक ओरडतात, धावतात, मरतात; त्यात बोलायला कुणाला फारसा वेळ नसतो. बाईंचं काम चोख असायचं. शब्द इकडचा तिकडे नाही. पण मालकांनी एक दिवस त्यांच्यासमोर नाताळचा विनोदी सिनेमा ठेवला आणि बाईंचं धाबं दणाणलं.

गोष्ट साधी होती. नाताळला बर्फ पडून रस्ते बंद होतात आणि एका लहानशा घरात अकरा नातेवाईक अडकून पडतात. बाप भलंमोठं झाड घेऊन येतो, ते छताला टेकतं, म्हणून तो ते खालून कापायचं सोडून वरून कापतो. कुत्रा केक पळवतो. आणि तीन बॅगा घेऊन मुलांची आत्या येते, जिचं घरातल्या प्रत्येक वस्तूबद्दल काही ना काही मत असतं.

"यात हसायचं कुठे?" बाई मला विचारायच्या. मूळ संवादांचा सरळ अर्थ त्यांनी लिहून काढला होता आणि तो वाचताना सरकारी पत्र वाचतोय असं वाटत होतं. मोठी अडचण त्या आत्याचीच. प्रत्येक भाषणाच्या शेवटी ती एकच वाक्य म्हणायची. त्या वाक्याच्या सुरुवातीला तिचे ओठ मिटायचे आणि मध्ये पुन्हा एकदा मिटायचे. आपल्या भाषेतलं वाक्यही तसंच हवं, म्हणजे म, ब, प असली अक्षरं बरोबर त्या जागी यायला हवीत. नाहीतर तोंड एक बोलतं आणि आवाज दुसराच येतो. बाईंनी आठवडाभर डोकं खाजवलं. बेचाळीस वाक्यं लिहिली, बेचाळीसही खोडली.

आठव्या दिवशी त्यांच्या फोनवर वन्संचा फोन आला. वन्सं म्हणजे नवऱ्याची थोरली बहीण. हॉस्पिटलातून मेट्रन म्हणून निवृत्त झालेल्या. लग्न केलं नाही. आई लवकर गेली, तेव्हा धाकट्या भावाला त्यांनीच वाढवलं. दोन गल्ल्या सोडून राहायच्या आणि दर रविवारी भावाच्या घरी राउंडला यायच्या. हा शब्द बाईंचा. फोन स्पीकरवर टाकायचा आणि काम चालू ठेवायचं, अशी बाईंची सवय, त्यामुळे मलाही सगळं ऐकू येत होतं.

"पुढच्या खोलीतले पडदे धुवायला झालेत. किती दिवस झाले ते मी मोजलेत. आणि तो कोपऱ्यातला दिवा, त्यावर धूळ म्हणजे अगदी... असो. तुझं घर, तुझी मर्जी. मी काही बोलत नाही."

बाईंचा हात थांबला. त्यांनी पडद्यावर बोट दाखवलं, तिथे आत्या तोंड उघडून गोठलेली होती. मी चित्र सुरू केलं. मी काही बोलत नाही. "मी"ला ओठ मिटले, "बोलत"ला पुन्हा मिटले. जणू परदेशातल्या त्या नटीनं वन्संकडेच शिकवणी लावली होती.

त्यानंतर पेन थांबलं नाही. वन्संच्या तोंडचं एकेक वाक्य आत्याच्या तोंडी जाऊन बसलं. "मला काय, मी आले तशी जाईन." "जेवण छान झालंय, मीठ विसरलीस एवढंच." "झाड खालून कापतात म्हणे. मी काही बोलत नाही." रंगभूमीवरच्या एका जुन्या नटीनं आत्याला आवाज दिला. रेकॉर्डिंग करताना मला हसू आवरेना, दोन टेक माझ्या हसण्यामुळे वाया गेले. बाईही हसत होत्या.

"वन्संना कळलं तर?" त्या मधूनच म्हणायच्या.

"त्या कशाला बघतात नाताळचा सिनेमा?" मी म्हणायचो.

सिनेमा तयार झाला. लोकांना तो कसा वाटतो हे बघायला वितरकांनी रविवारी सकाळी एक खेळ ठेवला. नेहमीचे प्रेक्षक बोलवायचे, बाहेर पडताना त्यांच्याकडून अभिप्रायाची कार्डं भरून घ्यायची. आम्हाला घरची माणसं आणायला परवानगी होती. बाईंचे यजमान पाणीपुरवठा खात्यात नकाशे काढायचे. साधा, सरळमार्गी माणूस. ते बुधवारी कौतुकानं म्हणाले, "ताईलाही सांगितलंय. तुझं काम तिनं कधी बघितलंच नाही."

बाईंच्या हातातून चमचा पडला. "अहो, त्यांना आवडणार नाही. रविवारी त्यांचे गुडघे दुखतात."

"गुडघे रोजच दुखतात. ती हो म्हणालीय, टॅक्सीपण सांगितलीय."

दुसऱ्या दिवशी बाई माझ्यासमोर येऊन बसल्या. चेहरा पांढराफटक. "ते वाक्य बदलता येईल का रे? निदान निम्म्या ठिकाणी?"

"बाई, रविवारच्या खेळाची प्रिंट गेली. नटी दौऱ्यावर गेलीय."

मग त्यांनी मला जे सांगितलं, ते आधी कधी सांगितलं नव्हतं. त्यांची मुलगी सातव्या महिन्यातच झाली होती. दीड किलोची. घरी आणल्यावर बाईंना रात्रंदिवस नुसतं रडू यायचं, कारण विचारलं तर सांगता येत नव्हतं. वन्सं रजा टाकून, बॅग भरून आल्या आणि दोन महिने राहिल्या. लंगोट, दूध, औषधं सगळं त्यांनी हातात घेतलं. एक शब्द टोचून बोलल्या नाहीत. "त्या बाईचं मी सगळ्या लोकांसमोर हसं केलंय," स्टेनोबाई म्हणाल्या. "कोर्टात मी कुणाच्या बोलण्यात मात्राही घातली नव्हती. इथे चोरीच केली."

मी चहा सांगितला.

रविवारी हॉल जवळजवळ भरला होता. वन्सं इस्त्रीच्या साडीत, पर्स मांडीवर उभी धरून, मधल्या रांगेत ताठ बसल्या. त्यांच्या एका बाजूला भाऊ, दुसऱ्या बाजूला स्टेनोबाई. मी बरोबर मागच्या खुर्चीवर. आत्या पडद्यावर आली, तीन बॅगा दारात ठेवल्या, पडद्यांकडे बघितलं आणि बोलायला लागली. भाषण संपलं. "मी काही बोलत नाही."

चारपाच जण हसले. बाईंच्या यजमानांनी बायकोकडे बघितलं, मग बहिणीकडे बघितलं, मग बराच वेळ छताकडे बघत राहिले.

दुसऱ्या वेळी अर्धा हॉल हसला. पाचव्या वेळेपर्यंत लोक आत्याच्या आधीच ते वाक्य म्हणायला लागले. झाडाच्या प्रसंगाला तर एक लठ्ठ गृहस्थ खुर्चीवर हात आपटून हसत होते. एरवी असं हसू ऐकून लिहिणाऱ्याचा जीव सुपाएवढा झाला असता. स्टेनोबाई मात्र खुर्चीत खाली खाली सरकत चालल्या होत्या. वन्सं हसल्या नाहीत. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

मध्यंतर झालं तशा बाई उठून बाथरूमकडे गेल्या त्या परत येईचनात. वन्सं मागे वळल्या. "हे कोणी लिहिलंय?"

मी तोंडातला खाऊ गिळला. "आमच्याकडे... सगळे मिळून लिहितात."

"असं का," वन्सं म्हणाल्या. माझ्याकडे त्यांनी ज्या नजरेनं बघितलं, त्या नजरेनं वॉर्डातले पेशंट औषध मुकाट गिळत असतील.

दिवे विझल्यावर बाई येऊन आपल्या जागी बसल्या. उत्तरार्धात एक प्रसंग आहे. घरातली आई सगळ्या गोंधळाला वैतागून स्वयंपाकघरात ओट्याशी उभी राहून रडते. आत्या आत येते. मूळ सिनेमात ती तिथे सणाबद्दल, प्रेमाबद्दल छापील पुस्तकासारखं बोलते. स्टेनोबाईंनी ते सगळं काढून टाकलं होतं. आता आत्या बाह्या वर सारते, भांडी घासायला घेते आणि पाठमोरीच म्हणते, "रडून घे. मुलं माझ्याकडे आहेत."

तोंड दिसत नसल्यामुळे तिथे ओठांची भानगड नव्हती. हॉलमध्ये कुणी हसलं नाही. मागून कुणीतरी नाक ओढलं. मी बघितलं तर वन्संचा हात पर्सवरून उठला आणि शेजारच्या खुर्चीच्या हातावर, बाईंच्या हाताशेजारी, जाऊन थांबला. धरला नाही. नुसता ठेवला.

खेळ संपला. लोकांनी कार्डं भरली. वन्संनी भिंतीला टेकून, नर्सच्या सुवाच्य अक्षरात कार्ड भरलं, घडी करून पेटीत टाकलं आणि भावाला म्हणाल्या, "टॅक्सी बघ. मी बाहेर पायऱ्यांवर थांबते."

मी पेटी उघडली. बाईंना म्हटलं, "या, वाचू." त्यांना नको होतं, पण जबरदस्तीनं बसवलं.

बहुतेक कार्डं छान होती. "कुत्र्याचं काम सर्वांत चांगलं." "बर्फ खोटा वाटतो." "झाड वरून कापणारा माणूस आमच्याही घरी आहे." "मुलांना आवडला, मला डुलकी लागली, पण चांगली लागली." "सासूबाईंबरोबर पाहिला. दोघीही हसलो, पण एकमेकींकडे बघितलं नाही." एकानं मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, "आमच्या घरी नाताळ नसतो. आत्या आहे." बाईंना हे वाचून पहिल्यांदा हसू फुटलं.

मग ती घडी हाती आली. मी वाचलं आणि बाईंकडे दिली.

"चित्रपट बरा आहे. आत्याचं काही चुकलेलं नाही, पडदे खरोखर मळले होते. त्या घरात ती एकटीच कामाची. मात्र लोक मोठ्यानं हसतात, त्यामुळे पुढचं वाक्य ऐकू येत नाही. तेवढं बघावं."

बाईंनी ते तीनदा वाचलं. "यावरून काय समजायचं?" त्या म्हणाल्या. मग स्वतःच उठल्या आणि बाहेर गेल्या. मीही पाठोपाठ गेलो, मला राहवेना.

वन्सं पायऱ्यांवर उभ्या होत्या. बाई दोन पायऱ्या खाली जाऊन थांबल्या.

"ते 'रडून घे' म्हटलेलं," वन्सं रस्त्याकडे बघत म्हणाल्या, "ते माझंच ना?"

"हो."

"मुलगी घरी येऊन दहा दिवस झाले होते तेव्हा. तुझ्या लक्षात आहे?"

"शब्दन् शब्द."

"आणि ते बाकीचं?"

बाईंनी मान खाली घातली. "तेही तुमचंच. विचारायला हवं होतं मी. चुकलं माझं, वन्सं."

"मी इतक्या वेळा म्हणते ते?"

"सिनेमात सतरा वेळा आहे."

"सतरा?" वन्संनी भुवया उंचावल्या. "एवढं तर माझं एका रविवारी होतं." आणि त्या हसल्या. आधी नाकातून, मग पर्स पोटाशी धरून, खांदे हलवत. हसता हसता म्हणाल्या, "अगं, पहिल्याच वाक्याला कळलं मला. तो लठ्ठ माणूस खुर्ची बडवत होता ना, मला उठून सांगावंसं वाटलं, ही मी आहे म्हणून! पण तू तोंड एवढंसं करून बसलीस, मला वाटलं पोट दुखतंय तुझं."

बाई तिथेच पायरीवर मटकन खाली बसल्या. बुधवारपासून अन्न गोड लागलं नव्हतं त्यांना. वन्संही गुडघे धरून सावकाश शेजारी बसल्या आणि पर्समधून गोळी काढावी तसा रुमाल काढून दिला. "पुढच्या वेळी मला आधी सांगायचं," त्या दटावून म्हणाल्या. "मी आणखी चांगली वाक्यं दिली असती."

यजमान टॅक्सी घेऊन आले, तेव्हा दोघी पायरीवर बसून हसताहेत हे बघून ते बिचारे टॅक्सीतच बसून राहिले.

ऐकू न येण्याची तक्रार रास्त होती. आम्ही मोठ्या हशांच्या जागी पुढच्या वाक्यांचा आवाज वाढवला, आणि सिनेमा चांगला चालला. पण त्याआधी, त्या खेळाच्या रविवारीच, संध्याकाळी पाच वाजता वितरकांचा मला निरोप आला की पुढचे दोन्ही विनोदी सिनेमे याच बाईंकडून लिहून घ्यायचे. मी तातडीनं बाईंच्या घरी फोन लावला. फोन वन्संनी उचलला.

"जेवली आणि झोपलीय," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "दोन वाजल्यापासून. चांगली घोरतेय. काय असेल ते उद्या सांगा." आणि मी बातमी सांगायच्या आत त्यांनी फोन ठेवून दिला.