सुकटीच्या बॅगेतली मामाची पिवळी साडी

मोटारसायकलला दोन्ही अंगांनी लोंबणाऱ्या साइड बॅगा मी शेवगावातून हौसेनं बसवून आणल्या. डावीची चेन त्याच दिवशी तुटली. उजवीत मी बाजारची सुकट आणि दुधाची पिशवी शेजारी शेजारी ठेवली. पिशवी फुटली आणि भर उन्हात उभ्या गाडीवर त्या दोघींनी जो संसार मांडला, तो लिहायला बसलो तर कागदही नाक मुरडेल. गल्लीतलं एक कुत्रं जवळ आलं, त्यानं एकदाच हुंगलं आणि ते तालुका सोडून गेलं. मी सोडा, राख, लिंबू सगळं चोळलं. अगरबत्ती लावली तर सुकटीचं देवघर झालं.

अशात कोपरगावला भाचीचं लग्न निघालं. आमच्यात नवरी मांडवात उभी राहते ती मामानं आणलेली पिवळी साडी नेसून.

"अहो, मी मांडीवर धरते की साडी," बायको म्हणाली.

"मग बॅगा काय शोभेला लावल्यात?"

मी तडक दुकानात गेलो. बॅगेच्या आत घालायच्या पिशव्या दुकानदारानं पुढ्यात टाकल्या. काळ्या रेक्झिनच्या पिशवीला जळक्या टायरचा वास येत होता आणि आत हात घातला तर मनगटापर्यंत काजळी. दुसरी ताडपत्रीची, रॉकेलच्या वासाची. तिला काडी दाखवली असती तर बाजारपेठ उडाली असती. तिसरी मात्र चंदेरी आणि बिनवासाची निघाली.

"हीच घ्या शेठ. परवासात खांद्याला पन लागती. पान्याचा थेंब आत जानार न्हाई."

"आन् वास?"

"वारं जात न्हाई, वास कुठनं जाईल? आन् एकदा आत गेलेलं भाईर येनार न्हाई, ग्यारंटी!"

त्या माणसाचा शब्द न् शब्द खरा होता, हीच तर गोम आहे. घरी येऊन मी माप बघायला चंदेरी पिशवी उजव्या बॅगेत बसवली आणि तोंड उघडं टाकून विसरलो. लग्नादिवशी पहाटे घाईघाईत साडी आत कोंबली, पिशवीची चेन ओढली आणि गाडीला किक मारली.

मांडवात बहिणीसमोर पिशवी खांद्यावरून उतरवून चेन उघडली. आत कोंडलेला वास बाहेर आला म्हणणं कमीपणाचं होईल. तो वऱ्हाड घेऊन आला. आचाऱ्याच्या हातातला झारा कढईत पडला. तीन गल्ल्यांतली मांजरं मांडवाच्या दारात रांगेनं बसली.

"दादा, ही साडी हाय का मासळीबाजार?" बहिणीनं पदर नाकाला लावला. "पोरगी ह्ये न्हाई नेसायची. तिच्या मावशीनं आनलेली हाय, ती नेसंल."

मावशीची साडी! मग मी मामा कशाचा? पंगतीत भात वाढायला आलेला माणूस. माझं तोंड उतरलं.

तेवढ्यात भाची बाहेर आली. तिनं साडीची घडी हुंगली आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

"नेसते मी."

"अगं, नवरदेव मांडवातून पळंल!" बहीण ओरडली.

"त्याला कालपास्नं सर्दी हाय. पन मामा, मंगलाष्टकांना माझ्या पाठीमागं तुमीच उभं ऱ्हायचं. मामाचा मान हाय त्यो. आन् रुमाल नाकाला लावायचा न्हाई."

उभा राहिलो. समोरचा कूलर भाचीच्या अंगावरून वारा उचलून थेट माझ्या नाकात भरत होता. नासलेलं दूध, कुजकी सुकट आणि त्यावर अत्तराचा फवारा! एक मंगलाष्टक संपलं की दुसरी हौशी काकू घरून रचून आणलेलं घेऊन माइकला भिडायची. भटजी "सावधान" म्हणताना माझ्याकडंच बघायचे. मी दात आवळून श्वास कोंडला. कानशिलं तापली.

मान न वळवता भाची हळूच म्हणाली, "श्वास घ्या की मामा. अजून आत्याचं ऱ्हायलंय."