कॉम्प्युटरला पाणी

देवासला आमच्या शेजारी एक गृहस्थ राहतात. कारखान्यातली सकाळपाळी करून दमून येतात आणि लगेच कॉम्प्युटरवर ड्रॉइंगची जादा कामं घेऊन बसतात. कॉम्प्युटरच्या पंख्याच्या घरघरीने त्याच खोलीत निजणाऱ्या वडिलांना, नानांना, दुपारची झोप लागत नसे. म्हणून गृहस्थांनी तो पाण्याने गार करायचं ठरवलं. गावात नळ दिवसाआड यायचा. कॉम्प्युटरला मात्र रोज पाणी मिळणार होतं.

"भिया, कुलरचा पंप, जुन्या गाडीच्या हिटरची जाळी, मधे नळी. बस. पाणी तेच फिरतं," ते चष्मा पुसत सांगत.

"आणि गळलं तर?"

"तर तुमच्याकडे येऊन बसू."

उन्हाळाभर त्यांनी जोडलं, गळलं, पुन्हा जोडलं. शेवटी खरंच आवाज थांबला. मी बघायला गेलो. नानांना दिसत नाही. घरघर नाही म्हणजे मुलगा उठून गेला, असं त्यांना वाटे.

"आहेस का रे?"

"आहे, नाना."

जरा वेळाने पुन्हा तेच. नाना काही झोपले नाहीत.

हल्ली गृहस्थ काम करताना मधूनमधून खोकतात. सर्दी वगैरे काही नाही. नाना गाढ झोपलेले असतात.