विटकरीनं घासलेली घागर

नेकनूरच्या बाजारात प्लास्टिकच्या घागरी आल्या तेव्हा मला सातवा लागला होता. आधीचं एक पोर पोटातच गेलं होतं, आणि तेव्हा माझ्या डोक्यावर सासरची पितळी घागर होती. रिकामीच एवढी जड, की भरली म्हणजे मान मोडायची. घरातल्या पुरुषांनी हापशावरून पाणी आणलं असतं तर आभाळच कोसळलं असतं म्हणे! सासूबाईंचे गुडघे गेलेले. राहिलं कोण? मी.

म्हणून नवऱ्यानं हिरवी प्लास्टिकची घागर आणली. नव्या लुगड्याचाही झाला नसता एवढा आनंद मला झाला. पण पहिल्याच दिवशी घात झाला. घागर भारीच गुळगुळीत. अळूच्या पानावरून घरंगळावेत तसे तिच्यावरून थेंब पळायचे, आणि त्यांच्यामागं माझे ओले हात. डोक्यावर घेताना ती सटकली, मी पुढं कोलमडले. हापशाचा दांडा हाताला लागला म्हणून वाचले.

घरी आले ती रडतच. आता पुन्हा पितळी घागर डोक्यावर येणार, याचीच धास्ती.

सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं. "नवं भांडं घासल्याबिगर भरलंस व्हय गं? मग निसटंल न्हाई तर काय!"

नवं भांडं घासूनच वापरात घ्यायचं ही आमच्याकडची रीत. पण ती पितळेची, तांब्याची! त्यांनी विटकरीचा चुरा घेतला, राख घेतली, काथ्या घेतला आणि बसल्या की घासायला.

"आत्याबाई, वाटोळं होईल! प्लास्टिक हाय ते!"

"भांडंच हाय ना? गप बस."

सगळी चकाकी गेली. घागर पारिजातकाच्या पानासारखी खरखरीत झाली. मला असा संताप आला, की मी जेवलेच नाही.

सकाळी तीच भकास घागर घेऊन हापशावर गेले. भरली, ओल्या हातांनी उचलली, तर सटकायचं नावच नाही! थेंब पळायचे सोडून बारीक चरांत अडकून बसलेले, आणि माझी बोटंही तिथंच बसली. देवा, सुटले! चुंबळीवर ठेवून घरापर्यंत आणली.

दारात मागं वळून बघते तर सासूबाई. धापा टाकतायत, दोन्ही हात पुढं केलेले. हापशापासून त्या दुखऱ्या गुडघ्यांनी माझ्यामागं चालत आल्या होत्या.

"कावून आलात? घागर पडंल म्हणून?"

"घागरीला काय धाड भरलीय!" त्या उंबऱ्यावर टेकल्या, पदरानं तोंड पुसलं. "तू पडली असतीस तर धरायला आलते."

मुलगी झाली, धडधाकट. त्याच घागरीच्या पाण्यानं सासूबाईंनी तिला न्हाऊ घातलं. तेल लावलेलं पोर त्यांच्या पायांवर वळवळत होतं.

"लई निसटती गं ही," त्या म्हणाल्या, "पण आता न्हाई सोडायची."