आईनं लावायला सांगितलेला फोन

शेजारी कुणी तव्यावर मिश्री भाजली, की तो जळका वास मला कर्करोगाच्या धर्मादाय रुग्णालयात नेतो. जन्मभर तंबाखूची मिश्री लावणाऱ्या आईला माजलगावहून तिथं नेलं, तेव्हा डॉक्टर म्हणाले, "ऑपरेशन मोफत करू, पण जीभ काढावी लागेल." मी पाया पडले. "दुसरा काहीच इलाज न्हाई का, साहेब?" त्यांनी सहीसाठी कागद पुढं केला. आईनं माझा हात धरला. "उमापूरला मावशीला फोन लाव. तिच्याशी बोलायचंय." जुन्या भांडणानंतर दोघी बहिणींचा अबोला होता. मावशीनं फोन उचलला नाही. "लाव की गं परत," आई सुजलेल्या तोंडानं विनवत राहिली. नर्स तिला आत घेऊन गेली, तरी मी लावतच होते. मावशीचा फोन आला, तेव्हा ऑपरेशन सुरू झालं होतं. आता मावशी रोज फोन करते, 'ऐकतीस ना गं?' विचारते. आई कानाला लावून रडते, आणि तिच्या वतीनं मी 'हो' म्हणते.