बाळासो लेकीचा हात धरतो

कुपवाडच्या कारखान्यात प्रेस मशिननं बाळासोच्या उजव्या हाताचा अंगठा आणि शेजारचं बोट नेलं, ते ब्याण्णव साल. मालकानं त्याला गेटवर राखणीला बसवलं. गडी महिनाभर रडला आणि मग उरलेल्या तीन बोटांत पेन धरून लिहायला शिकला. तेव्हापासून त्याला स्वतःच्या जिद्दीचा थोडा गर्वच झाला म्हणा ना!

तीन वर्षांनी लेक संयोगिता पहिलीत गेली. बाळासोचं एकच म्हणणं, पोरीच्या हातात लेखणी यावी, मशिनचा दांडा नको. म्हणून अक्षर शिकवायला तो स्वतःच बसला. आपल्याकडं शिकवतात तसंच. पोरीला मांडीवर घ्यायचं, तिचा हात आपल्या हातात धरायचा आणि गिरवून घ्यायचं. ग गवताचा, म मक्याचा. दिवसभरात तेवढाच वेळ तो खुशीत असायचा.

पण दिवाळी तोंडावर आली तरी पोरीची पकड म्हणजे काय सांगावं! अंगठा आणि पहिलं बोट आत मुडपलेलं, पेन्सिल भलत्याच बोटांत. दोन ओळी लिहिल्या की हात दुखायचा, अक्षर कोंबडीनं उकरल्यासारखं. शाळेतल्या शरयूबाईंनी बजावलं, "हे असंच राहिलं तर पुन्हा पहिलीतच बसवावं लागेल."

बाळासोच्या जिवाला घोर लागला. त्यानं पोरीचा अंगठा दोऱ्यानं पेन्सिलीला बांधून बघितला, तिनं दोरा दातानं तोडला. म्हसवडच्या सिद्धनाथाला नवस बोलून झाला. कशाचा म्हणून उपयोग नाही! शेवटी एका संध्याकाळी त्यानं तिच्या हातावर फाडकन मारलं.

"आगं, ती बोटं मुडपून का बसतीस? देवानं दिल्यात न्हवं तुला? मला असती तर..."

बायको हौसा चुलीपुढून धावत आली. "आवं, पोरीला खाताय का आता?"

दुसऱ्या दिवशी तो लेकीला घेऊन शरयूबाईंच्या पुढ्यात उभा राहिला. "बाई, पाया पडतो, काय बी करा, पण हिला मागं ठेवू नका."

"घरी हिचा हात कोण धरतं?" बाईंनी विचारलं.

"मीच की. रोज धरतो."

"कसा धरता, दाखवा बरं."

त्यानं धरला. तीन बोटांनी पोरीची तीन बोटं घट्ट आवळली, आणि तिचा अंगठा आणि पहिलं बोट आपसूक आत गेलं. जिथं बापाची बोटं नव्हती, तिथं लेकीनं आपली मुडपली होती. पोर शिकवलं तसंच शिकली होती.

त्या संध्याकाळी संयोगिता पाटी घेऊन त्याच्या मांडीवर चढली. "आबा, धरा की हात."

"आजपासनं आईकडं बसायचं. ती चौथी शिकल्या."

"आईकडं न्हाई. तुमच्याकडंच."

"जा म्हनलं न्हवं!" तो खेकसला.

पोर रडत गेली. हौसानं तिचा हात धरला, मुडपलेला अंगठा हळूच बाहेर काढला. बाळासो उंबऱ्यावर त्यांच्याकडं पाठ करून बसला.

"आबा," पोरीनं हुंदका देत विचारलं, "मी लय चुकले का?"

"न्हाई बाळा," तो म्हणाला, "तू न्हाई चुकलीस." पण वळून तिच्याकडं बघायची काही त्याची छाती झाली नाही.